सहाव्या गटाची खुर्ची

"हॅलो? … हां, बोल गं. … थांब, एक मिनिट थांब, इथे काही म्हणजे काही ऐकू येत नाहीये."

थोरलीने कोपराने दार लोटलं आणि सभागृहातला गलका निम्म्यावर आला. शेजारची ही खोली म्हणजे नुसती अडगळ. एकावर एक चढवलेल्या खुर्च्या, पाण्याचे जार, रद्दीत काढलेल्या फायलींची खोकी. त्यातल्याच एका खोक्यावर ती बसली. सकाळी सहापासून ती बसलीच नव्हती, हे तिला बसल्यावर कळलं.

गेले तीन महिने तिचं एकच काम होतं. पुढच्या दहा वर्षांचं शेतीचं धोरण ठरायचं होतं, आणि ज्यांचा ज्यांचा शेतीशी संबंध, त्या सगळ्यांना एका छताखाली आणायचं होतं. सहा गट होते. बियाणं-खतवाले, दूधसंघवाले, बँकवाले, मोठे बागायतदार, कालव्याची माणसं, आणि छोटे शेतकरी. सगळ्यांना फोन तिने केले, सगळ्यांचे रुसवे तिने काढले. दूधसंघाच्या अध्यक्षांना पंख्याखाली बसवत नाही आणि बँकेच्या साहेबांचं पंख्याशिवाय भागत नाही, हे आता तिला झोपेतही आठवे. कार्यालयात तिचं नाव 'खुर्चीबाई' पडलं होतं.

"हां, आता बोल. कुठवर आलीस? … मग आवाज कसला येतोय तो? … कुठे आहेस? … शेतात? अगं साडेदहा वाजलेत! अकराला बैठक, आणि तू शेतात काय करतेयस? … नाही. नाही, नाही, असं म्हणायचंच नाही. … हो, हो… अगं ऐक ना. … माझं ऐक ना आधी. … बरं, बोल. तूच बोल."

पलीकडे तिची धाकटी बहीण होती. कालव्याच्या अगदी शेवटच्या चारीवर, म्हणजे शेतांना पाणी नेणाऱ्या छोट्या पाटावर, धाकटीचं दीड एकर. नवरा कामासाठी दूर, वर्षातून एकदा येणारा. घरात ती आणि दोघींची आई. छोट्या शेतकऱ्यांच्या गटातून तिचं नाव आलं, ते चारीवरच्या बारा बायकांनी एकमताने दिलं म्हणून. थोरलीने त्यात बोटही घातलं नव्हतं, पण नाव वाचून ती घरी जाऊन आरशासमोर एकटीच हसली होती.

"पाणी? आज? … आज कसं येईल, उद्या आहे तुमचं पाणी. शुक्रवारी पहाटे. … अगं मला सांगतेस? तक्ता समोर ठेवून मी तारीख काढलीय. तुझं पाणी शुक्रवारी, म्हणून बैठक गुरुवारी. मुद्दाम. बँकवाल्यांना सोमवार हवा होता, त्यांच्याशी भांडून गुरुवार घेतला मी. … कुणी बदललं? … चारीवरच्या फळीवर? खडूने? … वाच बरं काय लिहिलंय. … हळू वाच. … 'पाटकऱ्यास बैठकीस जाणे असल्याने…' हां… 'शेवटच्या चारीचे पाणी शुक्रवारऐवजी गुरुवारी'… बरं, पण बैठक कस…"

थोरलीची मान दाराकडे वळली.

"… नाही, आहे मी. आहे फोनवर. … कसली बैठक ते नको सांगूस. कळलं."

ती उठली आणि दाराच्या काचेतून आत पाहिलं. पहिल्या रांगेत, कालव्याच्या गटाच्या पाटीमागे, पाटकरी बसला होता. एकतीस वर्षं कालव्याची दारं उघडायची आणि लावायची, एवढंच त्याने केलं होतं, आणि एकतीस वर्षांत त्याला कुणी कशाला बोलावलं नव्हतं. कालव्याच्या गटातून नुसते इंजिनिअर कशाला, ज्याच्या हातात दाराची किल्ली तो माणूसही हवा, असा हट्ट थोरलीनेच धरला होता. पत्र तिनेच लिहिलं होतं. 'आपली उपस्थिती अत्यंत आवश्यक आहे.' आज तो सगळ्यांच्या आधी, साडेनऊलाच आला. शर्टाला कडक इस्त्री, मांडीवर फाइल, आणि फाइलवर दोन्ही हात.

"आलाय. समोर बसलाय माझ्या. … काय बोलू त्याला? … अगं, शुक्रवारी पहाटे दार उघडायचं तर गुरुवारी रात्री त्याला वर कालव्याच्या दाराशी मुक्कामाला जावं लागतं. बैठक संपणार सहाला. तो पोचणार कसा? म्हणून आजच पहाटे उघडून, मग आला. कुणाचं पाणी चुकू नये म्हणून! … हो, तुझंच चुकू नये म्हणून. … हसू नकोस. … हसतेयस ना? … मला नाही येत हसू. माझं पत्र आहे ते. मीच बोलावलं त्याला, आणि त्याने माझं पत्र वाचून तुला शेतात अडकवलं. … नाही, दुसऱ्या कुणाची नाही चूक. तीन महिने सगळ्यांचे तक्ते जुळवत बसले, आणि त्याला एक फोन नाही केला की बाबा, तू इकडे आलास तर तिकडे काय होईल."

तिने डोळ्यांवरून हात फिरवला. चष्मा कपाळावर होता, तो खाली पडता पडता राहिला.

"बरं, किती वाजता पोचेल पाणी तुझ्यापर्यंत? … बारा. आणि किती वेळ राहील? … चार तास. … मी गाडी पाठवते. ऑफिसची गाडी आहे खाली, ड्रायव्हर मोकळा आहे. तू ये, धोरणातलं तुझं सोळावं कलम मी आधी घ्यायला लावते, बोल आणि परत… हो. … हो गं, पाऊण तास यायला, पाऊण जायला. … नाही बसत. बारापर्यंत नाही बसत. … वाफ्यांना पाणी वळवायला दारं कुणी धरेल का तुझी? दोन तास फक्त? … आणि ती बदली सदस्य? तुझी शेजारीण, भोपळेवाली? तिला पाठव. … तिचंही? … तुझ्या मागोमाग. … म्हणजे बाराच्या बारा जणी. … सगळ्या? … सगळ्या फावडी घेऊन बांधावर. … आईला सांग ना जरा… नाही, काही नाही. मूर्खासारखं बोलले. तिला उठून पाणी पिता येत नाही, ती दारं काय धरणार."

चारीवर पाणी एकवीस दिवसांनी एकदा येई. ते चार तास हातातून गेले, तर कांदा पोसण्याच्या दिवसांत जमीन एकवीस दिवस कोरडी. हे थोरलीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. दोघी एकाच चिखलात वाढल्या होत्या. फरक इतकाच, की एक परीक्षा पास झाली.

"नाही, सोडू नकोस. पाणी सोडून ये असं मी म्हणणारच नाही. … म्हटलं का मी तसं? … बरं, म्हणायच्या बेतात होते. पण म्हटलं नाही ना!"

दार उघडलं. तिच्या कार्यालयाचे साहेब आत आले नाहीत, नुसतं डोकं आत घातलं. थोरलीने फोन छातीशी धरला.

"हो साहेब. … आलेच मी. … सहाव्या गटाच्या बाई? येतायत. वाटेत… बसचं काय, मागेपुढे होतंच. … कोण? खतवाले काका? … त्या खुर्चीवर? … हो, जमीन आहे त्यांची. आहे ना. भाड्याने दिलेली का असेना, आहे. … साहेब, पण ते पहिल्या गटात आहेत, त्यांच्या नावाची पाटी… हो, पाटी काय, हलवता येते. … हो, सही झाली की झालं, बरोबर. … पाच मिनिटं द्या. … दोन. बरं, दोन द्या."

डोकं गेलं. दार लागलं नाही, किलकिलं राहिलं. थोरलीने पाठीने ते लावलं आणि तशीच टेकून उभी राहिली.

"आहेस ना? … साहेब होते. … म्हणतात, खतवाल्या काकांना बसवा तुझ्या जागेवर. … हो, तोच, तुला भिजलेली पोती देणारा. छोटा शेतकरी म्हणून सही करणार तो. … मलाही हसू आलं असतं एरवी. … काय? … 'बसव' म्हणजे? … असं कसं म्हणतेस गं तू? … थकलीयस, कळतं मला. मी काय ताजीतवानी आहे? … ऐक, सोळावं कलम तुला माहीत आहे ना काय आहे? … माहीत आहे तर मग ऐक परत. थांब, कागद…"

कागद तिच्या खांद्यावरच्या पिशवीत होता. बाहेर तीस पानांची गुळगुळीत छापील प्रत होती, पण हे एक पान तिने वेगळं काढून जवळ ठेवलं होतं.

"हां. 'जमीन कोणाच्याही नावे असो, जी व्यक्ती ती प्रत्यक्ष कसते, तिला स्वतःच्या सहीने पाण्याचा अर्ज करता येईल.' … झालं. एवढंच. दोन ओळी. तीस पानांत तुझ्या या दोनच ओळी आहेत. … गेल्या हंगामात काय झालं, विसरलीस? जमीन तुझ्या नवऱ्याच्या नावावर, म्हणून फॉर्म त्याच्याकडे सहीला पाठवलास, तो पोस्टात अडकला, परत आला तोवर दोन वेळचं पाणी गेलं. कांदा झाला केवढा? … गोट्यांएवढा. तूच पिशवीभर पाठवलेलास, सोलता सोलता नखं दुखली माझी. … बागायतदारांना नकोच आहे हे कलम. 'घोळ होईल' म्हणतात. खतवाले काका त्यांच्याच ओळीतले, ते मान डोलावणार. तुझ्या खुर्चीवर बसून, तुझ्या वतीने, 'हरकत नाही' म्हणणार. आणि सही झाली, की दहा वर्षं. … मी? मला बोलता येत नाही आत. मी कार्यालयाची. मी फक्त माइक चालू आहे का ते बघायचं."

आत कुणीतरी खरोखरच माइक ठोकून पाहिला. टक्, टक्, टक्.

"हं. … हं. … हो, रजा. … मंजूर म्हणजे, साहेबांनी तोंडी सांगितलंय. बैठक पार पडली की दुसऱ्या दिवशी सही. पंधरा दिवस. … बॅग भरली मी. आईसाठी ती मऊ चप्पलसुद्धा आणलीय. … तुझं तिकीट? काढलंस? … कधीचं? … सोमवारचं."

हे ती विसरली नव्हती. विसरावं असं वाटत होतं, इतकंच. रजा मिळाली की थोरलीने शनिवारी जाऊन आईपाशी राहायचं आणि धाकटीने पंधरा दिवस नवऱ्याकडे जायचं, असं दोघींचं ठरलं होतं. धाकटीने त्याला आठ महिन्यांत पाहिलं नव्हतं. गेल्या आठवड्यात फोनवर तिने निळ्या साडीचा विषय तीनदा काढला होता, उगाचच, शेतातल्या बोलण्यात मध्येच.

"ऐक. एक मार्ग आहे. … सांगते. नियमांत लिहिलंय, सहातला एक जरी गट गैरहजर असला तर बैठक तहकूब. … हो, तहकूब म्हणजे आज नाही, पुन्हा कधीतरी. … कुणी वाचलेलं नाही ते. पण लिहिलंय. मीच टाईप केलंय. … तसं झालं तर कलम राहतं. कुणी हात लावू शकत नाही. … पण मग बैठक झाली नाही. म्हणजे रजा नाही. म्हणजे सोमवार… हो. तेच."

पलीकडून फावडं बांधावर टेकवल्याचा आवाज आला. थोरलीने कागदाची घडी घालून तो पिशवीत ठेवला. असं एकमेकींसाठी थांबणं दोघींना लहानपणापासून जमत असे. एका गोधडीत, भांडणानंतर.

"… मी नाही ठरवणार. … नाही. मोठी असले तरी नाही. तीन महिने मी सगळ्यांचं ठरवत आलेय, तुझं तू सांग. तू 'बसव' म्हणालीस तर काकांना बसवते, आणि शनिवारी तुझ्या दारात उभी असते. शप्पथ. एका शब्दाने बोलणार नाही. आयुष्यात काढणार नाही विषय. … बरं, एखाद वेळेस काढेन. … विचार कर. … कर ना, दोन मिनिटांतलं अजून एक आहे."

"… हं?"

"… परत म्हण." थोरलीने धाकटीचे शब्द तसेच्या तसे पुन्हा म्हटले.

"… 'दर हंगामाला सहीसाठी त्याची वाट बघायची, आणि तो आला की आधी फॉर्म पुढे करायचा, त्यापेक्षा एकदा उशिरा भेटेन, पण हात मोकळे ठेवून भेटेन.' … अगं बाई. … काही नाही. वाक्य चांगलंय. बैठकीत म्हण हे. असंच म्हण, लिहून काढू नकोस. … नक्की ना? … विचार करून? … नंतर मला बोल लावशील. … लावणारच? बरं, लाव. … कोण सांगणार त्याला, तू की मी? … तूच सांग. मला नाही जमायचं. माझ्याशी बोलताना तो अजून 'ताईसाहेब' म्हणतो बिचारा."

दार पुन्हा उघडलं. या वेळी साहेब पुरते आत आले आणि खुर्च्यांच्या ढिगाला धडकले. थोरलीने फोन छातीशी धरला नाही. हातातच, तसाच चालू ठेवला.

"साहेब, सहाव्या गटाचं कुणी येत नाहीये. … नाही, बदली सदस्यही नाही. … पाणी आलंय त्यांचं, साहेब. … हो, आजच. … काकांना नाही बसवता येणार. … नियम क्रमांक चार. पान दोन. … आहे, साहेब. सही तुमची आहे खाली. … मुद्दाम नाही. … चाळीस लोक आलेत, मला माहीत आहे, मीच आणलेत. … जेवण सांगितलंय, तेही मीच सांगितलंय. जेवून जातील. … वर कळवावं लागेल, हो. मी मसुदा करते. चूक माझी, असं लिहिते, कारण माझीच आहे. … हो. … हो. … रजेचं?"

खुर्च्यांच्या ढिगातली सर्वांत वरची खुर्ची एका पायाने लंगडी होती, थोरली तिच्याकडे पाहत राहिली.

"… हो, बैठक होईपर्यंत नाही, कळलं, साहेब. राहू द्या. … नाही, रागावले नाहीये. … तुम्ही आत सांगता का, की मी सांगू? … बरं. तुम्ही सांगा. माइक चालू आहे."

दार लागलं. या वेळी नीट.

"ऐकलंस? … हो, गेले. … चिडले कुठे, त्यांना घाम आला नुसता. … रडतेयस का? … मग नाकाचा आवाज कसला? … मी? मी नाही गं. इथे धूळ आहे फायलींची. … बरं, पुरे. आता कामाचं. पुन्हा चाळीस फोन करायचेत मला, आणि या वेळी पहिला तुझा. मला दिवस सांग. … तुला मोकळा असेल तो. … सोमवार? … खुरपणी. … मंगळवार? … हं, बाजार. … बुधवार? … आईचा दवाखाना, खरंच की. … गुरुवार-शुक्रवारचा भरवसा नाही, पाणी पुन्हा सरकलं तर. … अगं, म्हणजे तुला दिवसच नाही? … शनिवारी काय आणि? … बरं, मग दिवस राहू दे, वेळ सांग. दिवसात कधीतरी बसत असशील ना दोन घटका? … दोन ते चार. … आई झोपते तेव्हा. … रोज? … म्हणजे दहा वर्षांचं धोरण आईच्या झोपेवर ठरायचं. … नाही, चेष्टा नाही. दोन ते चार म्हणजे दोन ते चार. … मग तू इथे येण्यात काही अर्थच नाही, जाण्यायेण्यातच ती उठेल. … तुमच्याकडे ती दूध घेतात ती शेड आहे ना, घराजवळ? दुपारी रिकामी असते? … चाळीस माणसं मावतील? … दूधवाले अध्यक्ष? येतील की, त्यांचीच शेड आहे. पंखा नाही ना तिथे? … छान. त्यांना आवडेल. … बँकवाल्यांचं बघू, वर्तमानपत्राने वारा घेतील. … आई उठली तर? … उठली तर मी बघते तिला. मी तशीही आत बोलू शकत नाही. तिच्यापाशी बसेन. … पाटकऱ्याला? त्याला मी आत्ताच विचारते, आधी त्याला. पुढच्या वेळचं पाणी कधी ते त्याच्या तोंडून लिहून घेते, मग…"

"काय? … काय झालं? … पाणी आलं? … एवढ्यात? बारा वाजायला अजून… अगं, मग माझ्याशी काय बोलत बसलीयस! धाव! … पहिलं दार कुठलं फोडणार? … हां, वरच्या वाफ्याचं आधी, बरोबर. … भोपळेवालीला हाक मार. … जोरात मार, मला ऐकू येऊ दे. … कान फुटला. … जा. जा गं बाई. … हो, जेवते मी, तू जा. … ठेव. … तूच ठेव. … ठेव ना!"

धाकटीने फोन ठेवला नव्हता, नुसता कमरेला खोचला होता. थोडा वेळ थोरलीला खळखळ ऐकू येत राहिली, चिखलातली पावलं, आणि लांबून एका बाईने दुसरीला दिलेली शिवी. ऐकत बसावंसं वाटलं. पण सभागृहात साहेबांचं बोलून झालं होतं, चाळीस खुर्च्या एकदम सरकत होत्या, आणि काचेपलीकडे पाटकरी फाइल छातीशी धरून तसाच बसून होता. आपलं काय चुकलं, ते त्याला कुणीच सांगत नव्हतं.

थोरलीने फोन बंद केला आणि त्याच्याकडे निघाली.